परीक्षेचे वेळापत्रक आणि रात्रीची बस

३० जून २०२३ रोजी, शुक्रवारी सायंकाळी नागपूरहून पुण्यासाठी निघालेली एक खासगी प्रवासी बस मध्यरात्र उलटून दीडच्या सुमारास बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळील पिंपळखुटा शिवारात समृद्धी महामार्गावर खांबाला व त्यानंतर दुभाजकाला धडकून उलटली. दरवाजा असलेली बाजूच नेमकी खाली गेली, डिझेलची टाकी फुटली आणि पाहता पाहता बसने पेट घेतला. बसमध्ये ३३ जण होते. त्यांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. जे आठ जण वाचले त्यांत काचा फोडून बाहेर पडलेले प्रवासी होते. मृतदेह ओळखण्याच्या पलीकडे गेलेले असल्याने दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, त्यांपैकी २४ जणांवर बुलडाणा येथे सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. ज्या गावाशी यातील बहुतेकांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता, त्या गावाच्या स्मशानभूमीत त्यांचा शेवट झाला.

त्यानंतर जी चर्चा झाली ती अपेक्षेप्रमाणे रस्त्याची, टायरची आणि चालकाची. टायर फुटल्यामुळे अपघात झाला, असे चालकाने सुरुवातीला सांगितले. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र त्या म्हणण्याला आधार सापडला नाही. चालकाला डुलकी लागली असावी, असा संशय व्यक्त झाला. समृद्धी महामार्गाच्या सरळसोट, एकसुरी रचनेमुळे चालकाला येणाऱ्या गुंगीवर, म्हणजे ‘महामार्ग संमोहना’वर, नागपूरच्या व्हीएनआयटीने केलेल्या अभ्यासाची चर्चा झाली. हे सारे आवश्यकच होते. तथापि, त्या बसमध्ये कोण होते याकडे एक दिवसाच्या हळहळीपलीकडे फारसे कोणी पाहिले नाही. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने पुण्याकडे निघालेली विशी-पंचविशीतील मुले-मुली त्यात होती, मुलाला नागपूरच्या महाविद्यालयात पोहोचवून परतणारे पालक होते. जून संपून जुलै लागण्याचा तो दिवस होता. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या त्या आठवड्यात विदर्भातून पुण्याकडे जाणाऱ्या बसगाड्या कोणत्या कारणाने भरतात, हे सांगण्यासाठी आकडेवारीची गरज नाही. ही गर्दी विद्यापीठांच्या आणि प्रवेश प्रक्रियेच्या वेळापत्रकाने निर्माण केलेली असते. मात्र त्या गर्दीच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला, की विद्यापीठे आणि महाविद्यालये त्यात आपला काही संबंध आहे असे मानत नाहीत.

बुलडाणा जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे आणि त्याचे मूळ भूगोलात आहे. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राच्या पश्चिम टोकाला येतो. बुलडाणा शहरापासून विद्यापीठाचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर दूर आहे; देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार या तालुक्यांना तर जालना आणि छत्रपती संभाजीनगर कितीतरी जवळचे. मुंबई-हावडा लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो आणि जलंबहून एक फाटा खामगावला येतो. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा यांना नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे आणि ती प्रत्येक निवडणुकीत न चुकता नव्याने जन्म घेते. परिणामी पुण्याला शिकणाऱ्या मेहकरच्या मुलाला ‘महाराष्ट्र एक्स्प्रेस’ पकडायची तर आधी घाट उतरून मलकापूर किंवा शेगाव गाठावे लागते आणि परतताना आडवेळी स्थानकावर उतरल्यास पुढची एसटी मिळेपर्यंत तिथेच ताटकळावे लागते. घरापासून चौकापर्यंत आणि चौकापासून थेट पुण्यातील स्वारगेट-वाकडपर्यंत नेणारी रात्रीची ‘ट्रॅव्हल्स’ त्याला सोयीची वाटते, यात त्याची चूक काय?

शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थांमुळे बाहेरून जिल्ह्यात शिकायला येणाऱ्यांचाही एक प्रवाह पूर्वीपासून आहे. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या, १०० जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे आता राज्याच्या कानाकोपऱ्यांतील विद्यार्थी बुलडाणा शहरातही येऊ लागले आहेत. म्हणजे जाणारे आणि येणारे, दोन्ही लोंढे बहुतांशी रस्त्यावरच, आणि तेही बहुधा रात्रीच.

रात्रीवर जोर देण्याचे कारण आहे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी यवतमाळहून मुंबईला जाणाऱ्या खासगी बसला नाशिकमध्ये पहाटे पाचच्या सुमारास अवजड वाहनाशी टक्कर होऊन आग लागली आणि १२ जणांचा जीव गेला. पिंपळखुट्याचा अपघात रात्री दीडचा. त्यानंतर महिना पुरता होण्याच्या आत, २९ जुलै २०२३ रोजी, याच बुलडाणा जिल्ह्यात मलकापूरला राष्ट्रीय महामार्गावर दोन खासगी बसगाड्या समोरासमोर धडकल्या. एक अमरनाथ यात्रेकरूंना घेऊन हिंगोलीकडे परतत होती, दुसरी नागपूरहून नाशिकला निघाली होती. सहा जण ठार झाले. वेळ पहाटे तीनच्या आसपासची. मध्यरात्र ते पहाट या काळात माणसाचे शरीर झोपेची मागणी करते, मग तो चालक कितीही अनुभवी असो. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा आहे. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, हे त्यात तेव्हापासून लिहिलेले आहे. खासगी वाहतुकीत त्याचे पालन कोण तपासते, हे विचारण्यात अर्थ नाही. मात्र जो प्रवास दिवसा होऊ शकतो तो रात्रीवर ढकलला जाण्यामागे केवळ प्रवाशाची आवड नसते, त्याच्यावर लादलेल्या वेळा असतात, ही बाब दुर्लक्षित राहते.

या वेळा कोण लादते? सामायिक प्रवेश परीक्षेचे केंद्र परजिल्ह्यात येते आणि पहिल्या सत्राला सकाळी लवकर हजर राहायचे असते. उमेदवार आदल्या रात्री निघतो, कारण परक्या शहरात लॉजचे भाडे परवडत नाही. केंद्रीभूत प्रवेश फेरीत जागा मिळाल्यावर मोजक्या दिवसांत मूळ कागदपत्रांसह संस्थेत हजर व्हावे लागते; त्यातील एखादा दिवस दाखला मिळविण्यात जातो आणि मग हातात एकच रात्र उरते. सत्र परीक्षेचा अखेरचा पेपर दुपारी संपतो आणि वसतिगृहाच्या फलकावर दुसऱ्या दिवशी खोल्या रिकाम्या करण्याची सूचना झळकते. दिवाळीची सुटी संपून सोमवारी महाविद्यालय उघडणार असते, वसतिगृहाचे दारही सोमवारीच उघडते. म्हणून विद्यार्थी रविवारची रात्र बसमध्ये काढून थेट वर्गात जातो. यातला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर निरुपद्रवी आहे. परीक्षा विभागाने परीक्षेचा विचार केला, रेक्टरने वसतिगृहाचा केला. प्रवासाचा विचार करणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. परीक्षेचे वेळापत्रक हे प्रवासाचेही वेळापत्रक असते, एवढी साधी गोष्ट आपल्या विद्यापीठांच्या लक्षात आलेली नाही, किंवा येऊनही तिला स्थान मिळालेले नाही.

विद्यापीठांच्या लेखी ‘प्रवास’ म्हणजे सहल. त्यालाही कारण आहे, कारण सहलींच्या दुर्घटनांनी संस्थांना हादरवले आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. या प्रकरणी हिमाचलच्या उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि जबाबदारी वाटून देताना वीज मंडळाबरोबर महाविद्यालयावरही वाटा टाकला. धरणाचे दरवाजे महाविद्यालयाने उघडले नव्हते. तरीही मुलांना कुठे नेतो आहोत याची खबरदारी घेणे हे संस्थेचे कर्तव्य होते, असा त्याचा अर्थ. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा महाराष्ट्राला हाच धडा घरात मिळाला. दरम्यान, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यांत शैक्षणिक सहलींचा विचार आहे. पालकांची संमती आणि सोबत शिक्षक असणे या गोष्टी आता बहुतेक महाविद्यालयांत कागदावर तरी पाळल्या जातात.

कागदावर, असे म्हणण्याचे कारण सहलीच्या आखणीत दिसते. बुलडाणा जिल्ह्यात सहलीला येणाऱ्या महाविद्यालयांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो : सकाळी सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान, दुपारी लोणारचे विवर, संध्याकाळी शेगावला दर्शन, रात्री परत. भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते उल्कापाती विवर म्हणजे जागतिक महत्त्वाचे पाठ्यपुस्तक आहे. ते तासाभरात ‘उरकण्याची’ वस्तू नाही. पण एक दिवसाचे बसभाडे वाचते, म्हणून पहाटे चारला निघालेली बस मध्यरात्री परत येते आणि तिच्या सुकाणूवर सबंध दिवस एकच माणूस बसलेला असतो. कायद्यातील आठ तास केव्हाच उलटून गेलेले असतात. सहलीच्या परवानगीच्या अर्जात विद्यार्थ्यांची संख्या, शिक्षकांची संख्या, ठिकाणांची नावे यांचे रकाने असतात. चालक किती, ते किती तास गाडी चालवणार, रात्री त्यांची झोपण्याची सोय काय, असा रकाना त्यात घालायला कोणता शासन निर्णय लागतो? बसभाड्याचा मुद्दाही पूर्ण खरा नाही. राज्य परिवहन महामंडळ शैक्षणिक सहलींना सवलतीच्या दरात गाड्या देते. गर्दीच्या हंगामात त्या वेळेवर मिळत नाहीत, ही महाविद्यालयांची तक्रार मात्र रास्त आहे आणि ती महामंडळाने मनावर घेतली पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांकडे तर सहलीइतकेही लक्ष जात नाही. शिबिर दत्तक गावात, गाव महाविद्यालयापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, म्हणून तो ‘प्रवास’ समजला जात नाही. स्वयंपाकाची भांडी, गाद्या आणि मुले एकाच टेम्पोत बसवून नेल्याची दृश्ये ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाची आहेत. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची सारी भिस्त दुचाकीवर असते. हेल्मेटची सक्ती शहराच्या चौकापुरती मर्यादित राहिल्याने त्यांच्या डोक्यावर ते क्वचितच दिसते. मालवाहू गाडीतून माणसे नेण्याचा शेवट काय होतो, हे या जिल्ह्याने समृद्धी महामार्गाच्या बांधकामाच्या काळातच पाहिले आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ मजुरांना घेऊन जाणारा टिप्पर उलटला आणि लोखंडी सळयांखाली दबून १३ मजूर मरण पावले. ते विद्यार्थी नव्हते, एवढाच फरक.

विद्यार्थ्यांविषयी निदान एखादे परिपत्रक निघते. प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवासाविषयी तेही नाही. २८ जुलै २०१८ रोजी, शनिवारी, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी महाबळेश्वरच्या वर्षासहलीला निघाले असता पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात त्यांची बस खोल दरीत कोसळली. एक जण वगळता बसमधील सारे मृत्युमुखी पडले. एका विद्यापीठाच्या कार्यालयांतील टेबलेच्या टेबले एका सकाळीत रिकामी झाली. कोकणातील घाट, पावसाळा आणि सहल, असे त्या दुर्घटनेचे वर्गीकरण झाले आणि इतर विद्यापीठांनी सुटकेचा नि:श्वास सोडला असावा. कर्मचाऱ्यांच्या प्रवासाची सुरक्षितता हा विद्यापीठाच्या प्रशासनाचा विषय आहे, असा निष्कर्ष काही निघाला नाही.

वास्तविक बुलडाणा जिल्ह्यातील शिक्षकांचा सर्वाधिक धोक्याचा प्रवास सहलीचा नसतोच. तो ‘अप-डाऊन’चा असतो. खामगाव किंवा अकोल्यात घर आणि मेहकर, लोणार, जळगाव जामोद अशा ठिकाणी नोकरी, हे चित्र सर्रास आहे. मुलांच्या शाळा, पती-पत्नीच्या नोकऱ्या, घराचे कर्ज अशी त्यामागची कारणे असतात आणि ‘मुख्यालयी राहा’ असे फर्मान काढून ती मिटत नाहीत. पाच जणांनी मिळून एक गाडी काढायची, आळीपाळीने चालवायची, सकाळच्या पहिल्या तासाला पोहोचण्यासाठी धुक्यात निघायचे, ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालू आहे. बुलडाण्याहून खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातील बोथा घाट लागतो, मलकापूरकडे उतरताना राजूर घाट. पावसाळ्यात आणि थंडीच्या पहाटे या रस्त्यांवरून गाडी हाकणे म्हणजे काय, हे तिथल्या प्राध्यापकांना विचारावे.

त्यातही सर्वांत बिकट स्थिती तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची. मानधन तासावर असल्याने तास बुडाला की पैसे बुडाले. अनेक जण सकाळी एका गावच्या आणि दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात शिकवतात आणि मधल्या तासाभरात मोटारसायकलवरून चाळीस-पन्नास किलोमीटर कापतात. कोणत्याच संस्थेच्या लेखी ते पूर्णवेळ कर्मचारी नसल्याने वाटेत काही घडलेच तर नुकसानभरपाईसाठी बोट दाखवायला जागा नाही. दोन महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आपापले वेळापत्रक लावताना एकमेकांना दूरध्वनी केला आणि दोन तासिका एका दिवशी सलग लावल्या, तर त्या माणसाच्या आठवड्यातील दोन-तीन फेऱ्या कमी होतात. हा उपाय फुकट आहे. याउलट अमरावतीला होणाऱ्या तासाभराच्या बैठकीसाठी बुलडाण्याच्या प्राध्यापकाने चारशे किलोमीटरचा जाऊन-येऊन प्रवास करावा, ही प्रथा करोनाच्या काळात दोन वर्षे बंद होती आणि विद्यापीठाचे कामकाज तेव्हाही चालले होते. मूल्यांकन, प्रात्यक्षिकाचे बहिस्थ परीक्षक यांना प्रत्यक्ष जावे लागेल हे खरे. मात्र त्यांच्या नेमणुकीच्या पत्रात मुक्कामाची सोय नसते, त्यामुळे काम आटोपल्यावर रात्रीच परतण्याकडे कल राहतो.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी सज्ञान आहेत, कोणी कोणत्या बसने केव्हा जावे हे संस्था कशी ठरवणार? जानेवारी २०२२ मध्ये वर्ध्याजवळ सेलसुरा येथे पुलावरून मोटार कोसळून सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी रात्री ठार झाले. ते आपल्या मर्जीने, आपल्या वाहनाने बाहेर गेले होते. त्यात महाविद्यालयाचा दोष कसा काढायचा? तो काढूही नये. पण दोष आणि दक्षता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॅगिंगविरोधी शपथपत्र भरून घेणारी, हजेरीसाठी अंगठा घेणारी संस्था विद्यार्थ्याला वर्षातून चार वेळा कराव्या लागणाऱ्या सातशे किलोमीटरच्या प्रवासाविषयी अवाक्षर काढत नाही, यात सज्ञानतेचा सन्मान कमी आणि अंग काढून घेणे अधिक आहे. पहिल्या वर्षाच्या प्रारंभी विद्यार्थ्यांसाठी जो परिचय कार्यक्रम होतो, त्यात प्रेरणादायी व्याख्यानांची रेलचेल असते. त्यातला एक तास परिवहन विभागाच्या निरीक्षकाला दिला तर बिघडणार नाही.

त्या तासात सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. बहुतेक खासगी बसगाड्या कंत्राटी किंवा पर्यटक परवान्यावर चालतात, त्यांना एसटीसारखे वाटेत प्रवासी चढवण्या-उतरवण्याची मुभा नसते आणि प्रवाशांची यादी बाळगणे त्यांच्यावर बंधनकारक असते. प्रत्यक्षात चौकाचौकांत माणसे भरली जातात. मित्राच्या मोबाइलवरून त्याच्याच नावे तिकीट काढणे, ऐनवेळी एकाच्या जागी दुसऱ्याने जाणे हे विद्यार्थ्यांत नित्याचे आहे. अपघात झाल्यावर ती यादी हाच नातेवाइकांचा पहिला आधार असतो. पिंपळखुट्यासारख्या आगीत, जिथे चेहऱ्यावरून ओळख पटण्याची शक्यता उरत नाही आणि डीएनए चाचणीला दिवस लागतात, तिथे यादीतील चुकीच्या नावाचा अर्थ काय होतो याची कल्पना करणेही कठीण आहे. आपल्याच नावाने तिकीट काढणे आणि बसचा नोंदणी क्रमांक घरी कळवणे, एवढी सवय लागली तरी पुष्कळ. त्याच क्रमांकावरून ‘एम-परिवहन’ या सरकारी अॅपवर गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, विमा यांची मुदत पाहता येते. भाड्याची मर्यादाही ठरलेली आहे. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी बसला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक आकारता येत नाही. दिवाळीत ही मर्यादा कुठे जाते, ते वाचकांना सांगायला नको.

बसमध्ये चढल्यावर आपत्कालीन दरवाजा कोणत्या बाजूला आहे, तो सामानाने किंवा जादा बर्थने अडवलेला आहे का, काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे की फक्त तिचा खिळा उरला आहे, छतावरील झडप उघडते का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. विमानात ते सांगणारी व्यक्ती समोर उभी असते, बसमध्ये स्वतःच पाहावे लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने राजस्थानात जैसलमेरजवळ आणि आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ खासगी बसगाड्या पेटून मोठी जीवितहानी झाली, तेव्हा पुन्हा हाच मुद्दा पुढे आला : आग लागल्यानंतर बाहेर पडण्यासाठी मिळणारी वेळ मिनिटांत मोजावी लागते आणि मुख्य दरवाजा अनेकदा निरुपयोगी झालेला असतो. बाजू उलटलेल्या बसमध्ये, अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाला दरवाजा शोधायचा असतो. तो आधी पाहून ठेवला असेल तरच सापडण्याची शक्यता. लांब पल्ल्याच्या नव्या बसगाड्यांत आगीची सूचना देणारी व ती विझवणारी यंत्रणा असावी, अशी अधिसूचना केंद्राने जानेवारी २०२२ मध्येच काढली. परंतु रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांना ती पुरेशी लागू होत नाही, हेही विद्यार्थ्यांना कळायला हवे. ‘वातानुकूलित’ आणि ‘स्लीपर’ या दोन शब्दांवर बस निवडणाऱ्यांनी ती किती जुनी आहे हेही विचारावे.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाविषयीही गैरसमज मोठे आहेत. जखमीला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागतो, ही भीती अजून गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आले. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना अधिसूचित झाली आहे. रुग्णालयाने आधी पैसे मागितले, तर हे सांगता आले पाहिजे. ओळखपत्रामागे रक्तगट बहुतेक महाविद्यालये छापतात. तिथेच घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक छापायला शाईचा अधिक खर्च येत नाही. मोबाइल जळतो, फुटतो किंवा संकेतशब्दाने बंद असतो.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांसाठी तो वरदान आहे, यात शंका नाही. ज्या मेहकर-लोणारच्या मुलांना मुंबई दूरची वाटत होती ती आता दिवसभरात गाठता येते. नेमका हाच मुद्दा आहे. वेग वाढल्यामुळे जो प्रवास पूर्वी रात्र खाऊन टाकत असे, तो आता सकाळी निघून संध्याकाळी पूर्ण होऊ शकतो. परंतु खासगी बसगाड्यांच्या वेळा अजूनही प्रामुख्याने रात्रीच्याच आहेत, कारण प्रवासी रात्रीच मिळतात. आणि प्रवासी रात्रीच मिळतात, कारण त्यांना सकाळी कुठेतरी हजर व्हायचे असते. हे चक्र बसमालक तोडणार नाहीत. एसटी महामंडळाने सत्रारंभी व सत्राच्या शेवटी जिल्ह्यातील आगारांतून पुणे व नागपूरसाठी दिवसाच्या जादा गाड्या सोडल्या तर काही प्रमाणात तुटेल. महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत असल्याने मुलींचा ओढा आधीच एसटीकडे वाढला आहे. मात्र जादा गाड्या केव्हा सोडायच्या हे आगारप्रमुखाला कळण्यासाठी परीक्षा केव्हा संपणार हे त्याला कोणीतरी कळवावे लागेल. विद्यापीठाचे वेळापत्रक संकेतस्थळावर प्रसिद्ध होते, आगाराला पाठवले जात नाही.

वसतिगृहाचे दार सत्र सुरू होण्याच्या एक दिवस आधी उघडणे आणि शेवटच्या पेपरनंतर आणखी एक रात्र राहू देणे, यासाठी ना निधी लागतो ना विद्या परिषदेचा ठराव. खानावळ बंद असते, असे कारण सांगितले जाते. एक दिवस डबा मागवता येतो. शनिवारी संपणाऱ्या परीक्षेचा शेवटचा पेपर दुपारऐवजी सकाळच्या सत्रात ठेवला, तर शेगाव-मलकापूरच्या मुलांना उजेडात घर गाठता येईल, हे परीक्षा विभागाला नकाशा समोर ठेवल्यावर सहज दिसेल. येत्या सत्राचे वेळापत्रक तयार होत असताना तो नकाशा कोणाच्या तरी टेबलावर असावा.